घशाचं माप

निविदा मीच टाईप केली, तीन वेळा.
पहिल्यांदा साहेबांनी 'तज्ज्ञ' खोडून 'कंत्राटदार' केलं,
दुसऱ्यांदा 'कंत्राटदार' खोडून 'सेवा पुरवठादार',
तिसऱ्यांदा फक्त रक्कम कमी झाली.
तीन लिफाफे आले. सर्वांत स्वस्त मुंब्र्याहून,
फरझाना मुकादम,
न्हावाशेव्याला अकरा वर्षं कागद तपासलेली बाई.
सोबत विजेरी, वर्नियर आणि तांदळाच्या भाकरीचा डबा.

तुर्भ्याच्या भांडारात दोनशे तेरा नग,
मोंबासाच्या एका प्रयोगशाळेला द्यायचे, भेट म्हणून.
भेटीलाही परवाना लागतो
हे आम्हाला कंटेनर ठरवल्यावर कळलं.

ती प्रत्येक यंत्रासमोर उकिडवी बसायची.
हे काय करतं, असं नाही विचारायची.
विचारायची, हे आणखी काय करू शकेल?
बत्तीस वर्षं मी चाव्या सांभाळल्या.
असं कधी कुणी विचारलं नव्हतं,
यंत्राबद्दल किंवा

निर्वात पंपाचा घसा मोजला तिने.
अमुक मिलिमीटरपर्यंत तो साधा पंप,
बोटभर रुंद निघाला तर दिल्लीची परवानगी.
उष्णता टिपणारा कॅमेरा :
सेकंदाला नऊ चित्रं काढत असेल तर सुटला,
दहावं निघालं की संशयित.
मी म्हटलं, दहाव्यात असं काय वेगळं दिसतं?
म्हणाली, माणूस तोच. पण पळणारा.

वर्ग हा शब्द मला नवा नाही.
आमच्या बोनकोड्यात टेबल टाकून बसलेल्या एकाने
बाच्या तुकड्यापुढे लिहिलं होतं : वरकस.
बा घरी येऊन भाताची लोंबी घेऊन परत गेला.
ओली होती, टेबलावर थोडा चिखल सांडला.
लोंबीला रकाना नव्हता.
आता तिथे बुटांचं दुकान आहे, मी तिथूनच बूट घेतो,
चांगले टिकतात.

नग क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
नोंदवहीत : उपकरण, पितळी, एक.
कंपनीची पट्टी नाही, कारण कंपनीच नाही.
लेथवरच्या वझरकरने बनवलं ते, मी नोकरीला लागलो त्या वर्षी.
पारसिकच्या खाणीत सुरुंग लागला
की त्याची सुई थरथरायची
आणि आम्ही त्यावर घड्याळं लावायचो, जेवायला उठायचो.
मी हसत हसत सांगितलं हे सगळं.
ती हसली नाही.
किती लांबचा सुरुंग कळायचा, म्हणाली.
मी सांगितलं.
आणि जमिनीखालचा?
वझरकर म्हणायचा ते सगळं आठवलं मला तेव्हा.
तेही सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला.

तिने तांबडी चिठ्ठी बांधली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या.
जेवायला बसलो तेव्हा अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवत म्हणाली,
वझरकर आहेत का अजून?
नाहीत.
हुशार होते, म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

दोनशे बारा नग गेले.
तिचं बिल अडकलं.
दर नगामागे ठरलेला; जो गेलाच नाही
त्याचे पैसे कशाचे, असं लेखा विभाग म्हणतो.
मी टिपण लिहिलं :
'वस्तू थांबवणे हेच सदर वस्तूचे वर्गीकरण होय.'
साहेबांनी 'होय' खोडून 'असावे' केलं.
मी पुन्हा टाईप केलं, 'होय' ठेवून,
आणि न विचारता शिक्का मारला.
अजून उत्तर नाही.

पेटी मांडणीवरच आहे, खालच्या कप्प्यात.
परवा रस्त्यापलीकडे नव्या इमारतीचा पाया ठोकायला लागले.
चिठ्ठी हलली, मग काचेमागे सुई.
हात सवयीने मनगटाकडे गेला.
पण किती वाजले ते मी पाहिलं नाही.
वाकून बघत राहिलो,
ती आणखी काय करू शकते.